लाकडातली वर्षे, फुलांवरचे आठवडे

कीटकवर्गात जातींच्या संख्येने भुंगेऱ्यांचा गण फार मोठा मानला जातो, आणि या गणातील सिरँबिसिडी हे कुल त्याच्या लांबलचक शृंगिकांमुळे, म्हणजे स्पर्श आणि गंध टिपणाऱ्या डोक्यावरील मिशांमुळे, सहज वेगळे ओळखता येते. इंग्रजीत ज्यांना लॉन्गहॉर्न म्हणतात त्या या भुंगेऱ्यांच्या ३५,००० हून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या असून त्यांतील बहुसंख्य जातींच्या अळ्या लाकूड पोखरून वाढतात. साहजिकच वनाधिकारी, बागायतदार आणि लाकूड-व्यापारी यांच्या दृष्टीने हे कुल म्हणजे नुकसान करणाऱ्या किडींचा समूह ठरला आहे. परंतु याच कुलात लेप्टुरिनी नावाचे एक उपकुल असे आहे की, त्यातील अनेक जातींचे प्रौढ भुंगेरे उन्हाळ्यातील फुलांवर पराग आणि मधुरस खात दिवस घालवतात आणि त्यांच्या अळ्या बहुधा मेलेल्या, कुजू लागलेल्या लाकडातच राहतात. या उपकुलाची एक परिचित प्रतिनिधी म्हणजे युरोपातील रुटपेला मॅक्युलाटा ही जाती. तिचे जीवन पाहिले म्हणजे कुजके लाकूड आणि उमललेले फूल या दोन टोकांच्या गोष्टी एकाच प्राण्याच्या आयुष्यात किती घट्ट बांधल्या गेल्या आहेत, हे कळून येते.

बांधा आणि रंग

सुमारे १३ ते २० मिलिमीटर लांबीचा हा भुंगेरा खांद्यापाशी रुंद असून मागे निमुळता होत जातो, आणि हा निमुळता बांधा लेप्टुरिनी उपकुलातील अनेक जातींचे लक्षण आहे. त्याचे पंखकवच, म्हणजे उडण्याच्या नाजूक पंखांवर झाकणासारखी बसणारी पुढील पंखांची कठीण जोडी, पिवळ्या रंगाची असते आणि तिच्यावर काळे ठिपके व आडवे पट्टे असतात. हे ठिपके प्रत्येक भुंगेऱ्यात सारखे नसतात: काहींत ते सुटे राहतात, काहींत एकमेकांना मिळून सलग पट्टे होतात, आणि काही भुंगेऱ्यांत काळा रंग इतका पसरतो की पिवळेपणा थोडाच उरतो. शृंगिकांवर पिवळी आणि काळी वलये असतात, तर पाय मुख्यतः पिवळे असून त्यांवर काळ्या खुणा दिसतात. नर मादीहून सडपातळ असतो, आणि त्याच्या मागील पायांच्या पोटरीसारख्या भागाच्या आतल्या कडेवर दोन लहान दाते असतात. मादीत ते नसल्यामुळे हातात धरलेला भुंगेरा नर की मादी हे एवढ्या एका खुणेवरून सांगता येते.

फुलावर जगण्यासाठी लागणारे फेरबदल डोक्याच्या रचनेत अधिक स्पष्ट दिसतात. डोके पुढे किंचित लांबलेले असते आणि डोळ्यांच्या मागे ते एकदम अरुंद होऊन मानेसारखा भाग तयार होतो, त्यामुळे फुलाच्या आत तोंड घालताना ते सहज वळवता येते. जबड्यांच्या मागे असणाऱ्या जंभिका नावाच्या मुखांगांवर दाट केसांचे झुपके असतात, आणि परागकण गोळा करणे व ओलसर मधुरस टिपून घेणे ही दोन्ही कामे हे झुपके करतात. लाकूड कुरतडणाऱ्या पूर्वजांकडून आलेले मजबूत जबडे प्रौढ भुंगेऱ्यात अजूनही आहेत, पण त्यांचा खरा उपयोग एकदाच, म्हणजे लाकडातून बाहेर पडण्यासाठी वाट कोरताना, होतो.

फुलांवरचे दिवस

मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत, आणि विशेषतः जून-जुलैमध्ये, इंग्लंड-वेल्सपासून मध्य व दक्षिण युरोपमार्गे कॉकेशस आणि तुर्कस्तानापर्यंतच्या वनांच्या कडांवर, झाडीतल्या मोकळ्या वाटांवर आणि शेतांच्या झुडपी कुंपणांवर हे भुंगेरे दिसतात. त्यांची आवडती फुले म्हणजे ब्लॅकबेरीची काटेरी झुडपे, हॉथॉर्न, डेझीच्या कुलातील मोठी फुले, आणि सर्वांत अधिक चामर कुलातील वनस्पती. कोथिंबीर, बडीशेप, ओवा आणि गाजर ज्या कुलात येतात तेच हे कुल असून, छत्रीच्या काड्यांप्रमाणे एका बिंदूपासून निघालेल्या देठांच्या टोकांवर येणारी बारीक पांढरी फुले मिळून त्याचा फुलोरा सपाट तबकासारखा पसरतो. अशा फुलांतील मधुरस उथळ आणि उघडा असतो. लांब सोंड नसलेल्या भुंगेऱ्याला तो सहज मिळतो, आणि जड शरीराला उतरण्यासाठी व चालण्यासाठी सपाट जागाही मिळते.

याच कुलातील हॉगवीडच्या एखाद्या फुलोऱ्यावर सकाळचे ऊन पडल्यावर उतरलेली मादी जवळून पाहिली तर तिचे काम किती पद्धतशीर असते हे ध्यानात येते. ती एका बारीक फुलावरून दुसऱ्यावर पाऊल टाकीत जाते, मान खाली घालून केसाळ मुखांगे परागकोशावर झपाट्याने मागेपुढे फिरवते, आणि मध्येच थांबून पुढील पायांनी शृंगिका ओढून त्यांवर चिकटलेली धूळ साफ करते. तिच्या वक्षावरील आणि पोटाखालील आखूड केसांत याच वेळी पराग अडकत असतो. नर मात्र खाण्यात इतका वेळ घालवत नाही. तो एका फुलोऱ्यावरून दुसऱ्याकडे उडत मादीचा शोध घेतो, कारण या जातीसाठी फुलोरा हेच अन्नाचे ठिकाण आहे आणि तेच मीलनाचेही. मादी सापडल्यावर तो तिच्या पाठीवर चढतो, आणि पुष्कळदा मीलन चालू असतानाही मादी खाणे थांबवत नाही.

मादीच्या या चिकाटीचे कारण पोषणात आहे. अळीचे सारे आयुष्य लाकडावर गेलेले असते, आणि लाकडात कर्बोदके भरपूर असली तरी प्रथिने बनवण्यासाठी लागणारा नायट्रोजन अगदी नगण्य असतो. परागात मात्र प्रथिनांचे प्रमाण वनस्पतीनुसार सुमारे २ टक्क्यांपासून ६० टक्क्यांपर्यंत असू शकते. अंडी पक्व होण्यासाठी मादीला जे प्रथिनयुक्त अन्न हवे असते ते फुलांकडूनच मिळते आणि उडण्यासाठी लागणारी शक्ती मधुरसातील साखरेतून येते. काही आठवड्यांच्या प्रौढ जीवनात मादीला फुले पुरेशी मिळाली नाहीत, तर लाकडात काढलेल्या वर्षांतून पुढची पिढी उभी करणे तिला कठीण जाते.

अंधारातली वर्षे

अंडी घालण्यासाठी मादी फुले सोडून झाडीच्या सावलीत येते आणि जमिनीलगतचे ओलसर, कुजू लागलेले लाकूड शोधते: तोडलेल्या झाडाचा बुंधा, पडलेली जाड फांदी, उघड्या पडलेल्या मृत मुळ्या. बर्च, ओक, बीच, आल्डर, विलो, हेझल अशा रुंद पानांच्या अनेक झाडांचे लाकूड तिला चालते. लाकूड कोणत्या झाडाचे आहे याहून ते किती कुजले आहे आणि त्यात किती ओल आहे, याला अधिक महत्त्व असते. शरीराच्या टोकाशी असणाऱ्या लांबट अंडनिक्षेपकाने, म्हणजे अंडी आत सरकवणाऱ्या नलिकेने, ती सालीच्या भेगांत अंडी ठेवते.

अंड्यातून बाहेर पडणारी अळी मळकट पांढरी आणि मांसल असते. तिचे डोके लहान पण जबडे भक्कम असतात, पाय जवळजवळ निरुपयोगी इतके आखूड असतात, आणि शरीराच्या वलयांवरील फुगीर उंचवटे बोगद्याच्या भिंतींना टेकवून ती पुढे सरकते. मागे तिने चावून टाकलेला भुसा आणि विष्ठा यांनी बोगदा भरत जातो. अशी दोन ते तीन वर्षे ती लाकडात राहते. अन्न इतके निकृष्ट असताना वाढ मंद असणे अपरिहार्यच असते. वाढ पूर्ण झाल्यावर ती लाकडाच्या पृष्ठभागाजवळ एक कप्पा कोरते, तेथे कोशावस्थेत जाते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर प्रौढ भुंगेरा उरलेला पातळ थर कुरतडून बाहेर येतो.

लाकूड हे बहुतेक प्राण्यांना अन्न म्हणून निरुपयोगी असते, कारण सेल्युलोज व लिग्निन या त्याच्या मुख्य घटकांचे विघटन करण्याची क्षमता फार थोड्या प्राण्यांत असते. या भुंगेऱ्याच्या अळीला पहिली मदत बुरशीची होते: बुरशीने लाकूड आधीच मऊ केलेले असते, त्याचे कठीण घटक तोडलेले असतात, आणि अळी लाकडाबरोबर बुरशीचे तंतूही खात असल्याने तिला थोडा अधिक नायट्रोजन मिळतो. दुसरी मदत शरीराच्या आतूनच मिळते. लेप्टुरिनी उपकुलातील अनेक जातींच्या अळ्यांत मध्यांत्राच्या पुढच्या टोकाशी विशिष्ट पेशींचे कप्पे असतात आणि त्यांत यीस्टसारखे सूक्ष्मजीव वसलेले असतात. यजमान आणि सूक्ष्मजीव यांच्या अशा अंतःसहजीवनाचा अभ्यास ज्यांनी विज्ञानात रुजवला त्या जर्मन जीवशास्त्रज्ञ पाउल बुखनर यांनी (१८८६–१९७८) या भुंगेऱ्यांकडेही बारकाईने पाहिले होते. मादीच्या अंडनिक्षेपकाजवळ यीस्ट साठवणाऱ्या पिशव्या असतात, अंडे बाहेर पडताना त्याच्या कवचावर यीस्टचा लेप बसतो, आणि अळी जन्मताच कवचाचा काही भाग खात असल्याने आईकडचा हा ठेवा तिच्या आतड्यात पोहोचतो. लाकडात नसलेली जीवनसत्त्वे आणि इतर पोषकद्रव्ये पुरवण्यात या सूक्ष्मजीवांचा वाटा असल्याचे मानले जाते.

लाकडाच्या आतही अळी पूर्ण सुरक्षित नसते. सुतारपक्षी कुजके लाकूड फोडून तिला काढतात, आणि इक्न्यूमॉन कुलातील परजीवी माश्या आपल्या लांब अंडनिक्षेपकाने लाकडातील अळ्यांवर अंडी घालतात. एका मृत बुंध्याभोवती बुरशी, यीस्ट, अळी, परजीवी माशी आणि पक्षी यांची अशी साखळी गुंफलेली असते, आणि तिच्या प्रत्येक पायरीवर वृक्षाने आयुष्यभर साठवलेली द्रव्ये थोडी थोडी मातीकडे परत जातात.

गांधीलमाशीचा वेश

उघड्या फुलोऱ्यावर तासन्‌तास बसून राहणारा, दंश करू न शकणारा आणि चमकदार पिवळ्या रंगाचा कीटक पक्ष्यांच्या नजरेतून वाचावा कसा, या प्रश्नाचे उत्तर त्याच रंगात सापडते. पिवळा-काळा रंगमेळ गांधीलमाश्यांचा आहे, आणि त्या दंश करतात हे पक्षी अनुभवाने शिकतात. निरुपद्रवी प्राण्याने उपद्रवी प्राण्यासारखे दिसून संरक्षण मिळवणे याला बेट्सीय अनुकृती म्हणतात. भुंगेऱ्यात हे साम्य केवळ रंगापुरते नाही. उडताना तो पाय पसरून आणि उदर किंचित खाली झुकवून संथपणे फुलांभोवती फिरतो, तेव्हा काही क्षण तो गांधीलमाशीच वाटतो. मात्र जवळून पाहिले की वलयांकित लांब शृंगिका आणि पाठीवर बंद झालेले कठीण पंखकवच यांमुळे फरक स्पष्ट होतो, कारण गांधीलमाशीच्या शृंगिका आखूड असतात आणि तिचे पंख पारदर्शक असतात. घाईत निर्णय घेणाऱ्या पक्ष्याला फसवण्यापुरती नक्कल पुरेशी ठरते, तपासणीत टिकण्याइतकी ती परिपूर्ण असण्याची गरज नसते. नक्कल करणाऱ्यांची संख्या मूळ दंशकारी कीटकांच्या मानाने फार वाढली, तर पक्ष्यांना चुकीचा धडा मिळून वेशाचे मोल कमी होते, असे या सिद्धांताचे एक महत्त्वाचे तत्त्व आहे.

ज्यांच्या नावाने ही संकल्पना ओळखली जाते ते हेन्री वॉल्टर बेट्स स्वतः भुंगेऱ्यांचे, आणि त्यातही लॉन्गहॉर्न भुंगेऱ्यांचे, मोठे अभ्यासक होते. १८४८ मध्ये ते निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्याबरोबर ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेले आणि १८५९ पर्यंत तेथेच राहिले. त्या अकरा वर्षांत त्यांनी १४,००० हून अधिक जातींचे नमुने जमवले, आणि त्यांतील सुमारे ८,००० जाती विज्ञानाला नव्या होत्या. अनुकृतीची कल्पना त्यांनी ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून मांडली. १८६१ मध्ये लंडनच्या लिनीअन सोसायटीपुढे वाचलेला त्यांचा याविषयीचा निबंध पुढील वर्षी प्रसिद्ध झाला आणि नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताला त्याने ठोस आधार दिला. त्याच काळात ॲमेझॉनच्या लॉन्गहॉर्न भुंगेऱ्यांवर त्यांची दीर्घ लेखमालाही प्रसिद्ध होत होती.

नाव आणि वंशपरंपरा

या भुंगेऱ्याचे शास्त्रीय वर्णन १७६१ मध्ये निकोलाउस पोडा या जेझुइट अभ्यासकाने ऑस्ट्रियातील ग्राझ येथील संग्रहाच्या आधारे केले. लिनीअसने १७५८ मध्ये प्राण्यांना दोन पदांचे नाव देण्याची पद्धत सर्वत्र लागू केल्यानंतर तिचा अवलंब करणाऱ्या कीटकविषयक पहिल्या ग्रंथांपैकी पोडा यांचा ग्रंथ एक होय. त्यांनी या जातीला लिनीअसच्याच लेप्टुरा या प्रजातीत ठेवले होते. पुढे अनेक वर्षे ती स्ट्रँगालिया प्रजातीत गणली गेली आणि आता ती रुटपेला प्रजातीत धरली जाते. भारतीय उपखंडातील या कुलाच्या अभ्यासाचा पाया सी. जे. गहान यांच्या १९०६ मधील ग्रंथाने घातला. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील त्यांचा हा खंड आजही संदर्भासाठी वापरला जातो. लेप्टुरिनी हे मुख्यतः उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण वनांचे उपकुल असल्याने भारतात त्याच्या जाती प्रामुख्याने हिमालयाच्या आणि ईशान्येच्या डोंगराळ वनांत आढळतात.

भुंगेरे आणि फुले यांचा संबंध मात्र या सर्व नोंदींहून कितीतरी प्राचीन आहे. म्यानमारमधील सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या अंबरात, म्हणजे गोठून अश्मीभूत झालेल्या झाडाच्या राळेत, सापडलेल्या एका लहान भुंगेऱ्याच्या अंगावर सपुष्प वनस्पतीचे परागकण आढळले, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधाने सपुष्प वनस्पतींच्या कीटकांकडून होणाऱ्या परागणाचा थेट पुरावा क्रिटेशस काळापर्यंत मागे नेला. तो भुंगेरा लॉन्गहॉर्न कुलातील नव्हता, तरी मधमाश्यांकडे परागणाचे सारे श्रेय देण्याची सवय त्यामुळे तपासून पाहावी लागते. चामर कुलातील फुलांना भेट देणाऱ्या अनेक माश्या, मधमाश्या आणि भुंगेरे यांच्या गर्दीत रुटपेलाचा वाटा एकट्याने मोठा नसेल, पण केसाळ अंगाने एका फुलोऱ्यावरून दुसऱ्यावर पराग नेणाऱ्यांत तो निश्चितच आहे.

किडा की वनाचा सेवक?

महाराष्ट्रात या कुलाची ओळख निराळ्या वाटेने झालेली आहे. आंब्याच्या खोडात शिरणारा भिरूड, म्हणजे बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा या भुंगेऱ्याची अळी, कोकणातील बागायतदारांना चांगलीच परिचित आहे. द्राक्षवेलींच्या खोडात शिरणारे स्ट्रोमॅशियम बार्बेटम आणि सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर हेही याच कुलातले आहेत. खोडाच्या छिद्रातून बाहेर पडणारा भुसा आणि वाळत जाणारी फांदी पाहिलेल्या शेतकऱ्याला लॉन्गहॉर्न भुंगेऱ्याविषयी आस्था वाटत नाही, हे स्वाभाविकच आहे. परंतु जिवंत झाडाचे खोड पोखरणाऱ्या जाती आणि मृत लाकडाची माती करणाऱ्या जाती यांच्यातील भेद लक्षात न घेता संपूर्ण कुलावर एकच शिक्का मारणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे ठरते. रुटपेलाच्या अळीने उभ्या, निरोगी झाडाचे नुकसान होत नाही. तिच्या वाट्याला येणारे लाकूड झाडाच्या उपयोगाचे राहिलेले नसते.

मृत लाकडावर अवलंबून असणाऱ्या जीवांचे महत्त्व ऑक्सफर्डजवळील वायथम वनाचा दीर्घ अभ्यास करणारे परिसरशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९६६ मधील आपल्या ग्रंथात ठसठशीतपणे मांडले. मरणारे आणि मेलेले लाकूड काढून टाकले तर वनातील प्राणिसृष्टीचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक नाहीसा होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि फिनलंडमधील वनांवर नंतर झालेल्या अभ्यासातही वनात राहणाऱ्या जातींपैकी २० ते २५ टक्के जाती मृत लाकडाशी बांधलेल्या असल्याचे दिसून आले. वन साफसूफ ठेवणे म्हणजे त्याची निगा राखणे, या समजुतीने गेल्या दोन-तीन शतकांत युरोपातील वनांतून पडलेली झाडे आणि जुने बुंधे मोठ्या प्रमाणावर उचलले गेले, आणि त्याचा परिणाम २०१८ च्या युरोपीय लाल यादीत उमटला: मृत लाकडावर जगणाऱ्या भुंगेऱ्यांच्या तपासलेल्या सुमारे ७०० जातींपैकी जवळजवळ १८ टक्के जाती धोक्यात असल्याचे तीत नोंदले गेले.

रुटपेला मॅक्युलाटा त्या धोक्यात नाही. अनेक प्रकारच्या झाडांचे लाकूड आणि अनेक प्रकारची फुले चालत असल्यामुळे ती आजही सर्वसामान्य जाती आहे. ज्यांच्या गरजा अरुंद आहेत त्यांची अवस्था वेगळी होते. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात राहणारा डेस्मोसेरस कॅलिफॉर्निकस डायमॉर्फस हा लेप्टुरिनी उपकुलातीलच भुंगेरा फक्त एल्डरबेरीच्या झुडपांवर वाढतो. नदीकाठची झाडी शेतीसाठी तोडली गेल्यावर त्याची जागा आक्रसली आणि १९८० मध्ये अमेरिकेला त्याला कायद्याने संकटग्रस्त म्हणून संरक्षण द्यावे लागले. अळीचा आसरा आणि प्रौढाचे अन्न या दोन्ही गोष्टी उडून गाठता येतील एवढ्या अंतरात असल्याखेरीज अशा जातींचे संरक्षण होत नाही. दाट वन राखले पण त्याच्या कडेची फुले वेळेआधी कापली, किंवा फुलांचा माळ जपला पण शेजारच्या झाडीतला कुजका बुंधा उचलला, तर जीवनचक्राचा एक दुवा तुटतो आणि राखलेल्या दुसऱ्या दुव्याचाही उपयोग उरत नाही.

म्हणूनच युरोपातील अनेक वनांत आता पडलेले ओंडके जागीच ठेवणे, काही मृत झाडे उभीच सोडणे आणि वनवाटांच्या कडांवरील गवत-फुले टप्प्याटप्प्याने कापणे हा व्यवस्थापनाचा भाग झाला आहे. महाराष्ट्रातील कित्येक देवरायांत पडलेले लाकूडसुद्धा बाहेर न्यायचे नाही हा संकेत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. त्यामागची प्रेरणा श्रद्धेची असली तरी लाकडावर जगणाऱ्या कीटकांना त्यातून मिळालेला आश्रय खरा आहे. ठिकठिकाणची उद्याने, महाविद्यालयांचे परिसर आणि शहरांतील टेकड्या येथे वठलेले झाड धोकादायक नसेल तर ते तसेच राहू देणे आणि त्याच्या आसपास स्थानिक फुलझाडांना जागा देणे, ही खर्चाची नव्हे तर दृष्टी बदलण्याची गोष्ट आहे. कुजणारे लाकूड हा वनाचा कचरा नसून त्याच्या पुढील पिढ्यांचे भांडवल आहे, हे ज्या समाजाला पटते त्याच्या वनांत फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्यांची परंपरा अखंड राहू शकते.